आधी थोरली

आमच्या तालुक्यात जखमा बोलतात, आणि त्यांतली जी वयानं सगळ्यांत मोठी असेल तिचं आधी ऐकून घ्यायचं. असं का, हे विचारायचं नाही, असं मला रुग्णवाहिकेवर रुजू झाले त्या दिवशीच सांगण्यात आलं.

सांगणारे आमचे केंद्रप्रमुख खोचरेसाहेब. त्यांनी मला गणवेश दिला, हातमोज्यांचं खोकं दिलं, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "तांबवे, कॉलेजात तुम्हाला पुष्कळ शिकवलं असेल. श्वास बघा, नाडी बघा, रक्त थांबवा, मानेला आधार द्या. सगळं बरोबर आहे. सगळं करायचं. पण नंतर. आधी थोरली."

"आणि थोरलीचं बोलणं संपेपर्यंत माणूस गेला तर?"

"हेच विचारायचं नाही म्हणून सांगितलं ना आत्ता?"

ते रागावले नव्हते. त्यांच्या कपाळावर शाळेतल्या बाकाची जुनी खोक आहे. तीच भुवईवरून म्हणाली, "पोरगी चुरुचुरु बोलते. टिकायची नाही."

जखम होते त्या दिवशी तिला बोलता येत नाही. ती नुसती वाहते. खपली धरली की हुंकार द्यायला लागते, खपली पडली की एकेक शब्द फुटतो, आणि पुढं वर्षा-दोन वर्षांत वाक्यं जुळतात. कॉलेजच्या जिन्यात पडून माझ्या हनुवटीवर झालेली अजून तोतरी बोलते आणि कुल्फीची गाडी दिसली की हट्ट करते. दहाएक वर्षांची जखम चारचौघांसारखं बोलते. तीस ओलांडली की ती दुसऱ्याचं ऐकणं सोडते. पन्नाशी गाठली की तिला कार्यक्रमांची आमंत्रणं यायला लागतात. यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्याकडे चौथीच्या पुस्तकात हा धडा आहे, आणि त्याखाली रिकाम्या जागा भरा.

माझी तक्रार जखमांच्या बोलण्याबद्दल कधीच नव्हती. मानपानाबद्दल होती.

अपघाताच्या जागी जेवढी माणसं असतील, त्या सगळ्यांच्या अंगावरच्या जखमांत जी सर्वांत जुनी, ती थोरली. तिच्या माणसाला अपघातात खरचटलेलंसुद्धा नसेना का. तिला बोटभर मानाची हळद लावायची, "आक्का, कशा आहात?" असं विचारायचं, आणि मग ती आपण कशा झालो ते सांगते. सगळं सांगते. मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करते. तिचं झालं की मधलीचा मान. नुकती झालेली, जिच्यासाठी आम्हाला बोलावलेलं असतं, ती धाकटी. घरातली धाकटी सून सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायला बसते, तशी तिची पाळी शेवटी. म्हणून आमच्या गाडीतल्या पेटीत हळदीची डबी वरच्या कप्प्यात असते आणि रक्त थांबवायचा पट्टा तळाशी, चादरीखाली.

नोकरीतल्या पहिल्याच आठवड्यात एक गवंडी परांचीवरून पडला. मुकादमाच्या दंडावरची देवीची लस सगळ्यांत जुनी निघाली. तिनं लस टोचणाऱ्या नर्सबाईंचं माहेर, सासर आणि स्वभाव सांगितला. तोवर गवंड्याचं मनगट वाकडं जुळायला लागलं होतं.

"मामू, हे बरोबर आहे का?" मी परतताना विचारलं.

इलाही मामू आमचे ड्रायव्हर. त्यांच्या हातावर रेडिएटरच्या वाफेनं भाजलेलं आहे. ती जखम स्वभावानं गरीब. मामूंना रस्ता सांगते आणि बाकी कशात पडत नाही. मामू म्हणाले, "बेटा, बरोबर-चूक मला काय माहीत? मी गाडी सरळ चालवतो."

"पुढे खड्डा आहे," जखम म्हणाली. मामूंनी गाडी वळवली.

लग्नसराईत एका दुपारी फोन आला. पलीकडे बँड वाजत होता, त्यामुळे बोलणाऱ्या बाईंना तीनदा ओरडावं लागलं. वरच्या बोरवंडीहून खालच्या बोरवंडीला नवरदेवाची उष्टी हळद घेऊन निघालेली जीप उसाच्या पाचटावरून घसरून चारीत उलटली होती.

आम्ही पोचलो तेव्हा जीप कुशीवर पडली होती आणि तिचं वरचं चाक अजून सावकाश फिरत होतं. हळदीचं पातेलं फुटलेल्या काचेतून बाहेर फेकलं गेलं होतं. नवरदेवाला लावून उरलेली सगळी हळद, आणि इंगवल्यांकडे काही कमी नसतं, जीपमधल्या सगळ्यांच्या अंगावर उडाली होती. बांधावर बसलेली ती माणसं आंब्याच्या आढीसारखी पिवळी दिसत होती. मागच्या टेम्पोतलं बँडपथक रस्त्यावर ओळीत उभं राहून वाजवत होतं. थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुपारी नवरीच्या दारापर्यंतची होती.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की अपघाताच्या जागी गेल्यावर धावत सुटायचं नाही. आधी बघायचं, इथं आपल्याला धोका आहे का. जीपमधून डिझेल गळत नव्हतं. मामूंनी चाकांना दगड लावले. मग बघायचं, किती माणसं आहेत. मग बघायचं, कोण ओरडतंय आणि कोण गप्प आहे. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो, त्याला थोडं ओरडू द्यायचं. आधी गप्प माणसाकडे जायचं.

गप्प कुणीच नव्हतं.

"या, डॉक्टरीणबाई!" बांधावरून एक मुलगी ओरडली. अठरा-एकोणीसची असेल. नवरदेवाची बहीण, म्हणजे करवली; नाव प्रणोती. "आबांना बघा आधी. पंच्याहत्तरीत उष्टी हळद लागलीय. आता पुढच्या वर्षी त्यांचंच लग्न!"

बायका हसल्या. आबा म्हणजे श्रीपतराव इंगवले, नवरदेवाचे चुलत आजोबा, एके काळचे पैलवान. पिवळ्या फेट्याखाली पिवळ्या मिशा घेऊन ते दगडावर ताठ बसले होते. त्यांनी धोतर मांडीपर्यंत वर केलं होतं आणि उजवा गुडघा माझ्याकडे वळवला होता.

मी जागच्या जागी थांबले. त्या गुडघ्याला तालुक्यात कोण ओळखत नाही? इंगवल्यांची थोरली. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात, आबा मिसरूड फुटायच्या वयाचे असताना झालेली. शाळेच्या बक्षीस समारंभाला तिला बोलावतात, शाल गुंडाळतात, आणि तिच्या भाषणानंतर मुलांना सोडायला अंधार पडतो.

"कोण आलंय?" थोरलीनं विचारलं. आवाज जाड, सुपारी चघळल्यासारखा.

"तांबव्यांची पोर दिसती," आबा म्हणाले.

"बरं. बस म्हणावं. तर त्या दिवशी पहाटं, मी तेव्हा नव्हते, पण सांगते, ह्यांनी दोन शेर दूध..."

मी प्रणोतीकडे बघत होते. तिची हिरवी साडी मांडीवर लाल झाली होती.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू गं," शेजारच्या बाई म्हणाल्या. त्या पारूमावशी. कोपरावर स्टोच्या भडक्याची जखम, पोक्त. "कुंकवाचा करंडा तिच्याच मांडीवर होता. सगळा सांडला की. चांगला शकुन म्हणायचा, आणि काय."

"मध्ये बोललं कुणीतरी," थोरली म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. त्या दिवशी पहाटं..."

हळद-कुंकू सांडलेल्या बाईच्या अंगावर लाल दिसलं तर आमच्याकडे कुणीही कुंकूच म्हणेल. पण कुंकू साडीतून झिरपत नाही. कुंकू बांधाच्या मातीत ओघळून खाली डबकं करत नाही. मी साडी बाजूला केली. जीपच्या फाटलेल्या पत्र्यानं मांडीच्या आतल्या बाजूला लांब चीर दिली होती, आणि रक्त नाडीच्या ठोक्यासरशी उसळत होतं.

अशा रक्ताला फार वेळ नसतो. माणूस बोलताबोलता, चेष्टा करताकरता जातो.

मी हातमोज्यानं चीर दाबली आणि ओरडले, "मामू, पट्टा! तळाशी आहे!"

बांधावर एकदम कुजबुज उठली. धाकटीला हात लावला. आधी धाकटीला हात लावला.

"पोरी," आबा म्हणाले, "हात काढ."

"आबा, धमनी तुटलीय."

"तुटू दे. मी नको म्हणत नाही. तिचं करायचंच आहे. पण रीतीनं कर. थोरली बसलीय ना समोर?"

"तुमची नात आहे ती!"

"माझी लाडकी नात आहे," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर हलला. "म्हणूनच म्हणतो, तिचं सगळं रीतीनं झालं पाहिजे. हयगय नको."

या माणसांवर चिडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. ती वाईट असती तर सोपं झालं असतं.

मी एका हातानं मांडी दाबून धरली आणि डोकं चालवलं. नियमाच्या बाहेर पडता येत नसेल तर आतून वाट काढावी, असं माझ्या मनात आलं. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं.

"आबा, आक्कांना हळद लावायची आहे ना? त्यांच्या अंगभर हळद आहे. बघा, गुडघा पिवळाधम्मक झालाय. म्हणजे हळद लागली. मान झाला. बाकीचं आपण नंतर ऐकू."

आबांनी गुडघ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बँडमधला क्लॅरिनेटवालाही वाजवता वाजवता पुढे वाकला. हा मुद्दा आजवर कुणी काढलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"उष्टी आहे ती!" थोरली गरजली. "नवऱ्या मुलाच्या अंगाची. मला आजवर कुणी उष्टं वाढलं नाही!"

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "उष्टी हळद नवरीला चालते. मानाला नाही."

"असं कुठं ठरलंय?"

"ठरायला कशाला पाहिजे? कळतं ते."

मामूंनी पट्टा आणून दिला होता. पण एका हातानं दाबून ठेवून दुसऱ्या हातानं पट्टा मांडीखालून घालता येईना. पाय उचलून धरायला कुणीतरी हवं होतं, आणि पुढे यायला कुणी तयार नव्हतं. मामूंनी एक पाऊल टाकलं, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो माझ्या कानाशी धरला. खोचरेसाहेब होते, बांधावरून कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

"तांबवे, काय ऐकतोय मी?"

"साहेब, मांडीची धमनी. मला पट्टा बांधायचाय."

"थोरलीचं बोलणं संपलं?"

"नाही."

"मग तुम्ही माझ्याशी बोलताय कशा? हे मध्ये बोलणं झालं."

"मध्ये बोललं कुणीतरी," थोरली म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."

"साहेब, एक विचारते. उष्टी हळद मानाला चालते का?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "चालत नाही, असं नियमात नाही," खोचरेसाहेब म्हणाले. "चालते, असंही नाही. अवघड प्रश्न आहे. मी वर विचारून घेतो. जिल्ह्याला साहेब जेवायला गेलेत, आले की कळवतो. तोवर जैसे थे ठेवा."

"रक्त जैसे थे राहत नाही, साहेब."

"प्रयत्न करा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बराच वेळ प्रणोतीनं चेष्टा केलेली नाही.

तिचा चेहरा हळदीखाली पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता, आणि तो गार होता. मी मनगट धरलं. नाडी भराभर धावत होती आणि बोटाखाली लागते न लागते अशी झाली होती.

"प्रणोती, माझ्याकडे बघ. आज कुणाचं लग्न?"

"दादाचं," ती म्हणाली. मग थांबली. "पाणी द्या ना."

"आत्ता नाही द्यायचं. नवरीचं नाव काय?"

तिनं विचार केला. ओठ हलवले. नाव आलं नाही. पारूमावशींच्या हातातली पदराची गाठ सुटली. महिनाभर त्या पोरीनं वहिनीच्या नावाशिवाय दुसरं नाव तोंडात घेतलं नव्हतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"आक्का," मावशींच्या कोपरावरून बारीक आवाज आला. ती मधली. "मी काय म्हणते, उष्टी तर उष्टी. मला पण लागलीय. आणि खरं सांगू का, पातेलं माझ्याकडं होतं. तुमच्या आधी मला लागलीय."

थोरली दुधापर्यंत आली होती. ती थांबली.

"काय म्हणालीस?"

"पहिली हळद मला लागली. म्हणजे मान..."

"स्टोची जखम तू! जत्रा बघितली नाहीस कधी, आणि मान मागतेस?"

"स्टो झाला म्हणून काय झालं? भडका घरभर झाला होता. पेपरात आलं होतं."

"पेपरात? माझ्यावर पोवाडा झालाय!"

"त्यात तुमचं एकच कडवं आहे, आक्का."

हे ऐकल्यावर मात्र बांधावर कुणी बसून राहीना. आबा उठले. इंगवल्यांच्या बाजूची माणसं गुडघ्याभोवती जमली, मावशींच्या माहेरची कोपराभोवती. कुणाच्या पायाला बैलगाडीचं चाक लागलेलं, कुणाच्या डोक्यात विटी बसलेली, त्या सगळ्या जुन्या जखमा मतं द्यायला लागल्या. एकीनं तर पोवाड्यातलं ते कडवं म्हणायला घेतलं. बँडला वाटलं, मंडळी रंगात आली. त्यांनी चाल वाढवली.

"मावशी, पाय उचला," मी म्हणाले.

पारूमावशींनी एकदा स्वतःच्या कोपराकडे बघितलं. ती भांडण्यात दंग होती. मावशींनी खाली बसून, बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसा, भाचीचा पाय दोन्ही हातांनी उचलून धरला. मी पट्टा खालून घेतला, मांडीच्या पार वरती नेला, ओढला, त्याची दांडी पिळली. अजून पिळली. प्रणोती किंचाळली. आधी गप्प झालेलं माणूस दुखलं म्हणून किंचाळतं, तेव्हा आमच्या धंद्यात त्याहून गोड आवाज नसतो. मी आणखी एक पीळ दिला. रक्त उसळायचं थांबलं, मग ओघळायचं, मग काहीच नाही. दांडी अडकवली. पेनानं पट्ट्यावर वेळ टाकली. पाय जरा उंच ठेवला, चादर पांघरली, ऑक्सिजनचा मास्क लावला.

"ताई," हनुवटीवरची माझी तोतरी म्हणाली, "लाल थांबलं."

"थांबलं," मी म्हणाले.

ते बोलणं मावशींच्या कोपरापर्यंत गेलं, तिथून गुडघ्यापर्यंत, आणि बघता बघता भांडण माझ्याकडे वळलं. सगळे गोळा झाले. आबा पुढे, आबांच्या पुढे गुडघा.

आबा खाली वाकले. त्यांनी पट्टा बघितला, नातीचा चेहरा बघितला. तिच्या गालावरची हळद अंगठ्यानं पुसली. "बरं वाटतंय का, पोरी?"

"दुखतंय, आबा," मास्कमधून प्रणोती म्हणाली.

"दुखू दे. शाणी माझी." ते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "चांगलं केलंस. हात हलका आहे तुझा. आता एक कर. पट्टा सोड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सोड, आणि थोरलीला हळद लाव. शुद्ध, डबीतली. 'आक्का, कशा आहात' म्हण. आम्ही तिला विनंती करतो, ती आज थोडक्यात सांगेल. मग परत बांध. पट्टा तोच, जागा तीच. नुसता क्रम तेवढा नीट होईल."

"थोडक्यात सांगेन," थोरली म्हणाली. तिच्या परीनं ही मोठी सवलत होती. "दूध वगळते."

"बघ," आबा म्हणाले. "आक्का दूध वगळतायत."

माणसं माना डोलवायला लागली. दूध वगळलं म्हणजे खरंच पुष्कळ झालं, असं एकमेकांना सांगायला लागली. मामूंच्या हातातला फोन पुन्हा वाजला. खोचरेसाहेबांचा आवाज मला उभ्या जागी ऐकू आला. जिल्ह्याचे साहेब जेवून आले होते आणि त्यांनीही हाच तोडगा सुचवला होता. पट्टा सोडावा, मान द्यावा, पट्टा पुन्हा बांधावा. त्यामुळे रुग्णसेवा आणि परंपरा दोन्ही साधतात. त्यांनी तसं लेखी द्यायचीही तयारी दाखवली होती.

"ऐकलंत ना, तांबवे?" खोचरेसाहेब म्हणाले. "सगळ्यांचं समाधान होतंय. तुमची नोकरीही राहते. सोडा."

मी प्रणोतीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले होते. तिनं माझ्या गणवेशाची बाही धरली होती. ती बोटं मघाशी सैल पडली होती. आता त्यांत जोर आला होता. बाहीला सुरकुत्या पडत होत्या. हळदीचे पाच पिवळे ठसे माझ्या दंडावर उमटले होते.

"कस्तुरी," ती अचानक म्हणाली.

"काय?"

"वहिनीचं नाव. कस्तुरी. विसरले होते का हो मी? तिला सांगू नका हां. जन्मभर ऐकवेल."

मावशींनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या ते पदराआड कळेना.

"सोडतेस ना पट्टा?" आबांनी मायेनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आमच्या तालुक्यात मोठ्या माणसांना कुणी नाही म्हणत नाही असं नाही. म्हणतात. पण त्या नाहीच्या मागून काहीतरी येतं. नाही, पण तुम्ही म्हणता तर. नाही, म्हणजे माझं काही चुकत असेल तर. नाही, राग मानू नका. नाही हा शब्द आमच्याकडे दाराच्या उंबऱ्यासारखा असतो. त्याच्यावरून पाय टाकून माणूस आत येतोच, हे सगळ्यांना माहीत असतं.

त्यामुळे ते पुढच्या शब्दाची वाट बघू लागले.

आबा मान थोडी कलती करून थांबले. त्यांच्या मागचे इंगवले थांबले. मावशींच्या माहेरचे थांबले. बैलगाडीचं चाक लागलेली, विटी बसलेली, भाजलेल्या, कापलेल्या, सगळ्या जुन्या जखमा मी काय म्हणते ते ऐकायला टवकारून राहिल्या. फोनवर खोचरेसाहेबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मग तोही आला नाही. बँडमास्तरांना वाटलं काहीतरी मोठं चाललंय. त्यांनी हात वर केला आणि बँड थांबला.

मी काहीच म्हटलं नाही. माझं वाक्य संपलं होतं.

थोरलीनं तोंड उघडलं असावं. गुडघ्यावरची कातडी जराशी हलली. पण मध्ये कुणी बोललेलंच नव्हतं. त्यामुळे तिला पहिल्यापासून सुरू करता येईना, आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते तिला आठवेना.

उसावरून वारा गेला. पाचट सळसळलं. या नोकरीत आल्यापासून अपघाताच्या जागी मी पाचटाचा आवाज ऐकला नव्हता.

मी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला. तो मी रोज गळ्यात घालत होते, रोज पुसत होते, पण जखमांच्या कलकलाटात त्यातून आजवर मला कुणाच्या छातीतलं काही ऐकू आलेलं नव्हतं. मी तो प्रणोतीच्या छातीवर डावीकडे टेकवला. हवा आत जात होती. उजवीकडे टेकवला. तिकडेही जात होती, स्वच्छ, भरपूर, आणि मधोमध तिचं हृदय धावत होतं, भराभर, पण ठाम.

"काय म्हणतंय?" तिनं हळूच विचारलं.

"लग्नाला जायचंय म्हणतंय."

"मग चला की."

मामूंनी आणि मी प्रणोतीला स्ट्रेचरवर घेऊन उचललं. मावशींनी चादरीचं टोक धरलं. माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून वाट झाली. आम्ही आबांच्या जवळून गेलो तेव्हा ते गुडघ्यावर हात ठेवून उभे होते, लहान मुलाच्या तोंडावर ठेवतात तसा. गाडीचं दार लावेपर्यंत मागून कुणीही एक शब्द बोललं नाही.